आठवड्याला अर्धा किलो

मिऱ्या, रत्नागिरी
१८ सप्टेंबर

श्री. लवू यांस,

काल एकादशी. सकाळी आंघोळ आणि पूजा आटोपून, तोंडात पाण्याशिवाय काही न घालता, मी मिरकरवाड्याच्या जेटीवर गेलो आणि बाबल्याच्या मासळी तोलायच्या काट्यावर चढलो. लिलाव संपत आला होता. बाबल्याने सुरमईची टोपली खाली उतरवली, मी चप्पल काढून उभा राहिलो. आकडा आला एक्याण्णव. ऑगस्टअखेर ऑफिसच्या डॉक्टरने मला बोटीसाठी अनफिट ठरवलं तेव्हा मी चौऱ्याण्णव होतो. तीन आठवड्यांत तीन किलो. हे तुला कळावं म्हणून कागद घेतला आहे. दुसरं कारण नाही.

पानांचे फोटो काढून पाठवतो, बोटीवर नेट मिळेल तेव्हा वाच. फोन मी करणार नाही आणि तुझा घेतही नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तू बोलून पाठवतोस ते निरोप दमयंती ऐकते आणि तिला वाटेल तेवढं मला सांगते.

तू निघालास तेव्हा मी भेटायला आलो नाही. घरात गणपती आहे, असं सगळ्यांना सांगितलं. गणपती तुझ्याही घरी होता, आणि तो तिसऱ्या दिवशी बायकोच्या हवाली करून तू बॅग उचललीस, कारण ऑफिसचा फोन आला होता: गुरुप्रसाद अनफिट आहे, त्याच्या जागी तीन महिने तू जा. बारा वर्षं सुट्टी संपली की मी त्याच बोटीवर परत जात आलो. त्यातली सहा वर्षं तू माझ्या हाताखाली टेबलं लावलीस, टोप घासलेस, कणीक मळलीस. आता तू पाठवलेल्या फोटोत माझ्या शेगडीपुढे उभा आहेस. मागे खिळ्याला माझीच पळी. पोट आत ओढून उभा आहेस की खरंच आत आहे, हे फोटोत कळत नाही. आतच असणार. चार भाकऱ्या हाणून काठीसारखा राहणारा तू शाळेपासून. एकेकाला देव देतो.

आणखी एक गोष्ट तुला बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो. दमयंती मला तुझ्या दिशाकडे घेऊन गेली.

मी म्हणालो, "रत्नागिरीत दुसरी आहारतज्ज्ञ नाही?"

"आहे," दमयंती म्हणाली, "पण ती तुमची कटकट ऐकून घेणार नाही."

मारुती मंदिराजवळच्या त्या दवाखान्यात दिशाची खोली एवढीशी, पण नीटनेटकी. मला बघून उठून उभी राहिली. "या काका. बाबा म्हणत होते, तुम्ही काही येणार नाही."

तेवढ्यासाठी मी खुर्चीत बसलो.

काय खाता, विचारलं. सांगितलं: सकाळी एक भाकरी, दुपारी दोन पोळ्या आणि मूदभर भात, रात्री तेवढंच. मधे काही नाही. कुक माणूस मी, मला वासानेच पोट भरतं. तिने ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या शरीराला दिवसाला जेवढं लागतं त्यापेक्षा पाचशे कॅलरी कमी घ्यायच्या. पंधराशेच्या खाली काही झालं तरी जायचं नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरला की पुष्कळ."

"बाय माझे, माझ्या उंचीला चौऱ्याऐंशी लागतात. दहा किलो उतरायचे आहेत."

"उतरतील की. जानेवारी संपेपर्यंत."

नोव्हेंबरअखेर माझी दुसरी तपासणी. त्यात मी नापास झालो तर ऑफिस तुला त्या बोटीवर पक्का करणार. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तुझ्या मुलीला ठाऊक नसेल काय? मुलगी हुशार आहे तुझी. कोणाच्या बाजूने हुशार, ते मी बोलत नाही.

तिचं ऐकतो आहे असं तिला वाटू दे. सोमवारी घट बसतात. यंदा नऊ दिवस कडक उपास धरणार आहे.

गुरुप्रसाद


२७ सप्टेंबर

लवू,

दमयंतीने तुझा निरोप ऐकला. म्हणाली, रविवारी कॅप्टनसाहेबांनी कोंबडी-वडे मागितले, तू केलेस, आणि साहेबांनी दोनदा मागून घेतले. मी विचारलं नव्हतं. ती मुद्दाम मी नारळ खवत असताना सांगते, म्हणजे मला उठून जाता येत नाही.

वड्याच्या पिठात मेथी किती घातलीस? जास्तच घातली असशील. तुझा हात मेथीला सैल आहे. साहेबांना पहिल्यांदा वडे मी खाऊ घातले, एडनच्या अलीकडे, समुद्र असा खवळलेला की तेलाची कढई दोरीने बांधून ठेवली होती. तेव्हा ते एकदाच घ्यायचे, पण डोळे मिटून खायचे.

उपास चालू आहे. पहिले दोन दिवस साबुदाण्याची खिचडी केली, मग वाटलं, असल्या उपासाने काय होणार. तेव्हापासून सकाळी केळं, संध्याकाळी कपभर दूध, बाकी पाणी. दमयंतीने चहाडी केली असणार, कारण दिशाचा फोन आला.

"काका, तूप-शेंगदाणे घालून खिचडी खाल्लीत तर रोजच्या जेवणापेक्षा जास्त होतं. आणि काहीच खाल्लं नाहीत तर चरबीच्या आधी अंगातलं मांस जातं, तोल जातो. उपास करा, माझी ना नाही. पण फळं घ्या, ताक घ्या, मूठभर वरीचे तांदूळ घ्या."

"हे देवीचं आणि माझं आहे," मी म्हटलं. "तू मधे पडू नकोस."

ती मग म्हणाली, "बरं. चक्कर आली तर बसा, उभे राहू नका." आणि फोन ठेवला. आपली मुलं असं रागावून ठेवतात तसा नाही, हळू ठेवला.

काल बाबल्याच्या काट्यावर अष्ट्याऐंशी आले. डोकं जरा जड असतं. ऊन वाढलंय.

एक सांगतो, दमयंतीला सांगितलेलं नाही. जपाला बसलो की माळ ओढताना मधेच आकडे येतात. अष्ट्याऐंशी, सत्त्याऐंशी. काल देवीचं नाव घ्यायच्या जागी आकडाच तोंडातून गेला. मी माळ खाली ठेवली, तोंड धुतलं, परत बसलो. परत तेच. आणि आकड्याच्या पाठोपाठ तू, माझ्या शेगडीपुढे. नऊ दिवसांचा उपास नक्की कोणाच्या नावाने चालला आहे, कोण जाणे.

गुरुप्रसाद


५ ऑक्टोबर

लवू,

दिशाने तुला कळवलं असेल, आणि थोडं वाढवून कळवलं असेल. मी पडलो नाही. बसलो. दमयंती म्हणते, पडलात. अष्टमीला किल्ल्यावर भगवतीच्या रांगेत होतो, देऊळ दिसायला लागलं होतं, आणि पुढच्या बाईच्या ओटीच्या ताटावर बसलो एवढं खरं. तिचा नारळ माझ्या पाठीला लागला. शुद्धीवर आलो तेव्हा ती बाई म्हणत होती, "ओटी देवीची होती हो, तुमची नव्हती." दमयंती रडत होती आणि हसतही होती. दर्शन झालं नाही.

दवाखान्यात बाटली लावली. संध्याकाळी पेज दिली, दुसऱ्या दिवशी मऊभात आणि वरण. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत बोलावलं तेव्हा दिशाने मला तिच्या काट्यावर उभं केलं.

ब्याण्णव.

"काटा बिघडलाय तुझा," मी म्हणालो. "बाबल्याकडे मी अष्ट्याऐंशी होतो."

"कोण बाबल्या?"

"मिरकरवाड्याचा. मासे तोलतो."

तिने ओठ दाबले. हसू दाबत होती, आणि मला ते सहन झालं नाही. लवू, मी जे बोललो ते तिने तुला सांगितलेलं नसणार, म्हणून मी सांगतो. मी म्हणालो, "मुद्दाम बिघडवला असशील. आधी हळूहळूचा सल्ला दिलास, आता काटा. तुझ्या बापाची जागा टिकायला हवी ना."

"अहो!" दमयंती ओरडली.

दिशा खुर्चीत बसली. रडेल असं वाटलं. रडली नाही.

"काका, बाबांची जागा टिकावी असं मला वाटतं. खोटं कशाला बोलू? पण तसं करायचं असतं तर मी तुम्हाला घाई करायला सांगितलं असतं. महिन्यात दहा किलो उतरवा म्हटलं असतं, तुम्ही उतरवले असते, आणि शिमग्यापर्यंत बारा किलो परत आले असते. मग पुढच्या तपासणीत कायमचे बाद. बाबांचा रस्ता तसाच मोकळा झाला असता." आणि वर, "शिवाय देवीच्या रांगेत पडलात ते तुम्ही पडलात. मी ताक घ्या म्हटलं होतं."

त्या मुलीला तू बोलायला कुठे शिकवलंस? तू तर चार वाक्यं धड बोलत नाहीस.

तिथून सरळ जेटीवर गेलो. बाबल्या जाळ्याच्या ढिगावर बसून चहा पीत होता. त्याला सगळं सांगितलं. तो चहा सांडेपर्यंत हसला.

"अरे मेल्या, मी रिकामी टोपली ठेवून काटा शून्यावर आणतो. नायतर टोपलीचं वजन मासळीत जाईल, व्यापारी मला इथेच पुरतील. तू टोपलीशिवाय चढलास. मग टोपलीएवढा कमी भरणारच!"

"मग बोलला का नाहीस?"

"तू हसत उतरायचास. म्हटलं, आनंद आहे तर असू दे. मला काय ठाऊक तू त्यावर उपास धरलायस? आणि काट्यावर चढायला तू काय घोळ मासा आहेस? घोळीला निदान भाव येतो!"

ओल्या टोपलीचं वजन तीन किलो. म्हणजे एकादशीच्या दिवशी मी चौऱ्याण्णवच होतो. पहिल्या पत्रात तुला जे तीन किलो कळवले ते टोपलीचे होते. नवरात्रात खरं काही उतरलं ते निम्मं पाणीच होतं, मऊभाताबरोबर परत आलं.

देवीपुढे मी काय घेऊन गेलो होतो, याचा विचार चार दिवस करतो आहे. भूक नेली होती, पण ती तिच्यासाठी नव्हती. तिने रांगेतूनच परत पाठवलं. ठीक केलं.

दिशाची माफी मागितलेली नाही. उद्या सोमवार, तिच्याकडे जायचं आहे.

गुरुप्रसाद


२६ ऑक्टोबर

लवू, दिवाळीचे आशीर्वाद.

तुझा निरोप या वेळी मी स्वतः ऐकला. दमयंती माहेरी गेली होती, फोन वाजत राहिला, म्हणून. तू विचारलंस, तब्येत कशी. चांगली आहे. नव्वद.

माफी मागायला गेलो आणि ती मागायच्या आधीच तिने विचारलं, "काका, तुम्ही घरी असता तेव्हा स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. दमयंतीला तेवढाच आराम."

"चव किती वेळा घेता?"

"चव ती चव. ती काय मोजायची?"

"मोजू नका. शेजारी एक वाटी ठेवा. जेवढं तोंडात टाकणार, तेवढं त्या वाटीत टाका. एकच दिवस. मग जेवायच्या वेळी जेवा."

मला पोरखेळ वाटला. केला. सकाळी घावन्याचा पहिला तुकडा, तो तव्याला चिकटतो का बघायला. मग भाजलेलं खोबरं, चिमूटभर, परत चिमूटभर. कालवणाची पळी, मीठ बघायला. कोकम घातल्यावर परत. तळलेली मांदेली, कुरकुरीत झाली का म्हणून एक, आणि दुसरी कशी झाली म्हणून दुसरी. भाताचं शित बघताना मूठभर भात. दुपारी वाटी भरली म्हणून दमयंतीने ती ताटात ओतली आणि रिकामी करून ठेवली. संध्याकाळी परत भरली. रात्री तिने ते ताट माझ्यापुढे आणून ठेवलं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"तुमचं. जे तुम्ही खात नाही म्हणता, ते."

लवू, ते एका धडधाकट माणसाचं पुरं जेवण होतं, वर चार घास जास्तच. पंचवीस वर्षं मी ते रोज उभ्याने जेवतो आहे आणि बसून जेवायचं ते वेगळं जेवतो आहे. आणि वर लोकांना सांगतो, कुकला भूक लागत नाही.

तेव्हा तू आठवलास. तू पळीला नुसतं बोट लावायचास आणि बोट जिभेला. त्यावरून मी तुला सगळ्या खलाशांदेखत बोलायचो, कुक आहेस की अत्तर विकायला आलायस? आता कळतं तुझं पोट आत का आहे. कळल्याने बरं वाटलं असं समजू नकोस. जास्तच राग आला. देवाने दिलं असतं तर देवावर सोडून देता आलं असतं.

आता चमच्याच्या टोकावर दोनदा चाखतो, मीठ घातल्यावर आणि उतरवताना. भाताची एक मूद, त्यावर दुसरी नाही. बांगडा तळायच्या जागी भाजून. कडधान्याची उसळ रोज, कारण दिशा म्हणते, मांस टिकायला हवं, चरबी जायला हवी. कालवण पातळ. बंदी कशावरच नाही. नरकचतुर्दशीला दोन चकल्या आणि एक करंजी बसून खाल्ली. तिने बजावलं होतं, "खा, पण दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा म्हणून उपाशी राहू नका. तिथूनच सगळं बिघडतं." सकाळ-संध्याकाळ पांढऱ्या समुद्राच्या रस्त्याने चालतो. दमयंती पुढे, मी मागे. ती मुद्दाम वळून बघत नाही.

वजन सोमवारी सकाळी, तिच्याच काट्यावर. रोज चढायचं नाही. मिठाने, पाण्याने किलोभर इकडेतिकडे होतं, म्हणते. मधे एक आठवडा आकडा हललाच नाही. मी खवळलो. म्हटलं, एवढं करून काय? ती म्हणाली, "काका, एका सोमवारचं बघू नका, तीन सोमवारांचं बघा." तीन सोमवारांचं बघितलं. उतरत होतं.

निघताना ती दर वेळी एकच विचारते, "झोप लागते ना?" मी हो म्हणतो. हे लिहायचं नव्हतं, पण आता हात थांबत नाही. आमचा शुभंकर पुण्याहून रविवारी फोन करतो. "बाबा, ठीक ना?" "ठीक." "आईला द्या." मुलगा वाईट नाही. दिवाळीला त्याने चालायचं यंत्र पाठवलं, विजेवर पट्टा फिरतो असलं. पडवीत आहे. दमयंती त्याच्यावर टॉवेल वाळवते. पण झोप लागते का, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.

बोटीवरून मी तुझ्यावर जळलो ते जळलो. त्या खोलीतून बाहेर पडताना पाठीमागून तो प्रश्न येतो तेव्हा जे होतं, ते त्याहून खोल आहे. त्याला औषध दिशाकडेही नसेल.

माफी मागितली. ती म्हणाली, "काका, सोमवारी या."

गुरुप्रसाद


२८ नोव्हेंबर

लवू,

येत्या सोमवारी माझी तपासणी होती. होती असं लिहितो आहे, ते शेवटपर्यंत वाच.

गेल्या सोमवारी दिशाच्या काट्यावर सत्त्याऐंशी भरलो. पॅन्टला नवीन भोक पाडलं. जिना चढताना मधे थांबत नाही. साखर, रक्तदाब दोन्ही डॉक्टरला आवडतील असे. पण चौऱ्याऐंशी म्हणजे चौऱ्याऐंशी. तीन किलो राहिले.

मंगळवारी तुझा निरोप आला. दमयंतीने मला ऐकवला, मी मान फिरवली तरी ऐकवला. कॅप्टनसाहेबांनी ऑफिसला कळवलं आहे की लवूलाच ठेवा. आणि पुढे तुझा आवाज: "वहिनी, गुरुदादाला सांग, तो फिट झाला की मी उतरतो. बोट त्याची आहे."

तू हे बोलायला नको होतंस. तू भांडला असतास तर मला सोपं गेलं असतं. मी रात्रंदिवस तुझं वाईट चिंतायचं आणि तू तिकडे समुद्रावर बसून माझी बोट मला देऊन टाकायची, म्हणजे माझ्या हातात राहिलं काय?

त्याच दिवशी खालच्या आळीतला एक खलाशी भेटला. मी त्याचं नाव लिहीत नाही. म्हणाला, "तीन किलोसाठी काय रडतोस? शुक्रवारपासून पाणी तोड, मीठ तोड, जुलाब घे, स्वेटर घालून दुपारी चाल. सोमवारी सही झाली की पोटभर पी. आम्ही सगळे असंच करतो." मी जुलाबाच्या गोळ्या आणल्या. दमयंतीला न दाखवता देवघराच्या फळीवर ठेवल्या. जागा बघ कुठली निवडली.

आज शुक्रवार. सकाळी दमयंती परसात पाणी घालत होती. मी देवापुढे बसलो. जप नीट चालला, आकडे आले नाहीत. तेवढ्यात फळीवरचं ते पाकीट दिसलं आणि वाटलं, घेतली तर सोमवारी पास होईन. खात्रीने होईन. डिसेंबरात बोटीवर. तू उतरशील, मी चढेन, माझी पळी खिळ्यावरून काढीन. आणि मग? तीन दिवसांत काढलेलं पाणी तीन दिवसांत परत येणार. शेगडीपुढे चौदा माणसांचं रांधताना मी परत तोच होणार, कारण जे मी शिकलो आहे ते अजून हातात पुरतं बसलेलं नाही. अजून रोज ठरवून करावं लागतं. आणि पुढची तपासणी? दिशा म्हणाली होती तेच, कायमचा बाद. आणि भर समुद्रात चक्कर आली तर तिथे खाली ओटीचं ताट नसतं, उकळतं तेल असतं.

हे सगळं मला कळत होतं. तरी पाकीट हातात घेतलं होतं, हे तुला सांगतो. तू त्या बोटीवर पक्का होणार ही गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. जुलाब उतरला असता, ती उतरत नव्हती.

पाकीट फोडलं आणि गोळ्या मोरीत टाकल्या. वरून दोन तांबे पाणी ओतलं. मग ऑफिसला फोन लावला.

तिथल्या साहेबांना म्हटलं, "माझी तपासणी जानेवारीअखेर ठेवा. मी सत्त्याऐंशीवर आहे. तोवर नीट चौऱ्याऐंशीवर येतो आणि तिथेच राहतो."

ते म्हणाले, "दोन महिने? गुरुप्रसाद, ती बोट थांबणार नाही. ती आम्हाला लवूला पक्की द्यावी लागेल. तुम्हाला मागाहून दुसरी बघू. कुठली, ते आत्ता सांगता येत नाही."

"द्या."

"नक्की? तो स्वतः म्हणतोय की तुमच्यासाठी उतरतो."

"त्याला उतरू देऊ नका."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "तो तुमच्या हाताखाली होता ना? पक्का करायचा तर तुमचं मत लिहून घेतो. कसा आहे कामाला?"

लवू, इथे साहेबांना वाटलं फोन कटला. "हॅलो, हॅलो" करत राहिले. तीन महिने मी तुझ्या मेथीला, तुझ्या पोटाला, तुझ्या चांगुलपणाला नावं ठेवतो आहे. एका शब्दात त्या सगळ्याचं उट्टं निघालं असतं. बरा आहे, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी समजून घेतलं असतं. बरा आहे म्हणजे काय, ते ऑफिसला कळतं.

"उत्तम कुक आहे," मी म्हणालो. "त्याच्यासारखा तुम्हाला मिळणार नाही. लिहून घ्या."

फोन ठेवला तर दमयंती दारात उभी. हातात रिकामी बादली, साडीचा काठ ओला.

"काय म्हणालात? परत सांगा. मला नीट ऐकू आलं नाही."

"आलं ऐकू."

"नाही आलं. परत सांगा ना."

परत सांगितलं नाही. एकदा सांगताना जे झालं तेवढं एका दिवसाला पुरे.

ऑफिसचा कागद तुला एक-दोन दिवसांत येईल. तो येण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून घाईने लिहिलं. माझ्या मनातलं सगळं निवळलं असं समजू नकोस. तू फोटो पाठवलास तर अजूनही आधी पोट बघीन. पण उतरू नकोस. बोट तुझी आहे, आणि आज सकाळी ती मी दिलेली आहे, माझ्याकडून कोणी काढून घेतलेली नाही.

तुझा,
गुरुप्रसाद